क्लचचा काही संबंध नाही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
नवी वही. रोज लिहिणार. खरं तेच लिहिणार, कारण वाचणारं कोणी नाही.
संकल्प: (१) येत्या सोळा तारखेला, रविवारी, गाडी घेऊन लेकीच्या गावी जाणे. (२) सौ.ला परत आणणे. (३) पोट.
सौ. आठ दिवसांसाठी म्हणून गेली होती. आज अकरावा आठवडा. नातीला दात येताहेत, लेकीला मदत लागते, सगळं कबूल. पण एका बाळाला येऊन येऊन दात येणार तरी किती? काल फोनवर सांगितलं, सोळाला घ्यायला येतो. म्हणाली, या, बघू. म्हणजे हो. तेहतीस वर्षांच्या संसारात माणसाला 'बघू'चा अर्थ कळतो.

संध्याकाळी ६.
पुलाच्या चढावर गाडीने गंमत केली. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन केकाटलं, पण गाडी आपली त्याच चालीने. एक सायकलवाला मागून येऊन पुढे गेला. वर वळून बघितलंन. खालच्या मजल्यावरचे मास्तर शेजारी बसले होते, त्यांना चष्म्याच्या दुकानात सोडायचं होतं. म्हणाले, तुमचा क्लच घसरतोय. मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला. क्लचचा काही संबंध नाही. पेट्रोलमध्ये भेसळ.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरलं. तेच.
म्हणजे दोन्ही पंप भेसळ करतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.
क्लचचं पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय गाडी हलत नाही. सीट पुढे सरकली असणार. मागे घेतली. पाय पोचेना. परत पुढे घेतली.
चौकापर्यंत गेलो तर गाडीत करपल्याचा वास. गॅस चालू राहिला की काय, म्हणून धावत घरी आलो. बंद होता. वास माझ्या कपड्यांनाच असेल, काल दूध करपलं होतं. परवाही. पूर्वी सौ. आतल्या खोलीतून ओरडायची, दूध बघा. आता दूध परस्पर कळवतं.
पोटाचा संकल्प सोमवारपासून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
गाडीबरोबर आलेलं पुस्तक चौदा वर्षांनी उघडलं. क्लचची परीक्षा दिली आहे. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. चालूच राहिलं तर झिजला.
तीनदा केलं. एकदाही बंद पडलं नाही! चौदा वर्षांची गाडी, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन हूं की चूं न करता चालू. या वयात एवढा दम. पुस्तक हल्लीच्या नाजूक गाड्यांसाठी लिहिलेलं दिसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार.
लेकीचा फोन. बाबा, गाडी मेकॅनिकला दाखवा, नाहीतर सरळ बसने या. तिला म्हटलं, अडतीस वर्षं पाणीपुरवठ्यात ड्राफ्ट्समन होतो, अख्ख्या शहराच्या नळांचे नकाशे या हातांनी काढलेत, एक गाडी मला कळणार नाही? ती म्हणाली, तेच तर आई म्हणते. काय म्हणते, ते सांगितलं नाही.
सौ. फोनवर आली नाही. बाळाला झोपवत होती. मागे बाळ मोठमोठ्याने हसत होतं. मुलं झोपेत हसतात.

९ नोव्हेंबर, रविवार.
बाईचा स्वभाव तसा सोन्यासारखा. खोड एकच. गाडीत बसली की दर पाच मिनिटांनी 'पाय'. म्हणजे माझा डावा पाय क्लचच्या पेडलवर आहे, तो काढा. उगाच पाय ठेवला की क्लच झिजतो, असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं तिने पदरात बांधून ठेवलं होतं. मी म्हणायचो, ठेवलाय कुठे, नुसता टेकलाय.
पण जाताना स्टँडवर सोडायला गेलो, तर सबंध वाटेत एकदा म्हणून 'पाय' म्हणाली नाही. खिडकीबाहेर बघत होती. प्रवास अगदी शांत झाला. मनात म्हटलं, बाई सुधारल्या.
दुपारी बॉनेट उघडलं. क्लचची केबल सापडली. पाना लावून चांगली आवळली. मास्तर गॅलरीतून ओरडले, आवळू नका, सैल करा! सैल करून जगात कुठली गोष्ट दुरुस्त झाली आहे?
संध्याकाळ फार लांबली. रविवारची लांबतेच.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
फजिती. भाजीबाजाराच्या चढावर, सिग्नलला. हिरवा लागला, पहिला गिअर टाकला, इंजिन बोंबलतंय आणि गाडी ढिम्म. मग हळूच मागे यायला लागली. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या वाडवडिलांची विचारपूस केली. चार-पाच जणांनी ढकलून कडेला लावली. त्यातल्या एका बाईने विचारलं, काका, एकटेच आहात? म्हटलं, सध्या.
सोळा तारखेला पाच दिवस राहिले. मेकॅनिककडे जातो. दुसरं मत म्हणून.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी.
मेकॅनिकला आधीच बजावलं, क्लचचा काही संबंध नाही. बरं काका, म्हणाला आणि गिअरबॉक्स खाली उतरवला.
पाचला बोलावणं आलं. एका हातात माझी जुनी क्लचप्लेट, दुसऱ्यात नवी. नवीवर दोन्ही बाजूंना जाडसर अस्तर. जुनीवर अस्तर नावाला, नुसते रिव्हेट चमकत होते. म्हणाला, काका, पाय ठेवून चालवता का? मी म्हटलं, छे.
त्याने दार उघडून बॅटरी मारली. ब्रेकच्या पेडलचं रबर जसंच्या तसं, रेघान् रेघ शाबूत. क्लचचं रबर संपत आलेल्या साबणासारखं. त्यावर माझ्या बुटाचा आकार.
म्हणाला, चौदा वर्षं टिकली म्हणजे हात चांगला आहे तुमचा. पण शेवटच्या वर्षभरात पार खाल्लीत. वर्षभर दुसरं कोणी चालवत होतं का? नाही म्हटलं. मग काहीतरी बदललंय बघा, म्हणाला, आणि हात पुसायला गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
दोन दिवस आठवतोय. सौ. शेवटचं 'पाय' कधी म्हणाली?
आज, दाढी करताना, आठवलं. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, तिच्या भावाकडे जाताना. मी गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि म्हटलं, एवढं कळतं ना, मग तूच चालव. लेक-जावई मागे बसले होते. सौ.ने तोंड खिडकीकडे वळवलं. त्यानंतर 'पाय' बंद. मी जिंकलो असं मला वाटलं होतं. जावयाला तसं म्हणूनही दाखवलं होतं.
म्हणजे ती गेली अकरा आठवड्यांपूर्वी, पण बोलायची थांबली त्याच्या वर्षभर आधी. आणखी काय काय बोलायची थांबली असेल, ते मला सांगता येणार नाही. माझं लक्षच नव्हतं. घर शांत आहे, छान आहे, एवढंच वाटत होतं.
फार वाईट वाटलं. गाल अर्धाच झाला होता, तो तसाच राहिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
गाडी आली. पेडल लोण्यासारखं. पुलाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये!
जुनी प्लेट मागून घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळली. सौ.ला देणार. हजार शब्द बोलण्यापेक्षा बरं, आणि हजार शब्द मला जमायचेही नाहीत. डिकी रिकामी केली, तिच्या दोन बॅगा बसतात. मास्तरांना सांगून ठेवलं, उद्यापासून घर पुन्हा भरलेलं.
मास्तर म्हणाले, सावकाश जा.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
काल लिहिलं नाही. आज लिहितो.
जाताना पाय जमिनीवर. शेवटचा घाट धरून एकशेचाळीस किलोमीटर. सौ. नातीला कडेवर घेऊन फाटकात उभी होती, मागे लेक. मी कागद सोडून प्लेट पुढे केली. तिने हातात घेतली, झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. ती म्हणाली, मला माहीत होतं.
यापुढचं वाक्य मी घाटात पाठ केलं होतं. ते आठवलं नाही. म्हटलं, चल.
ती म्हणाली, मी येत नाहीये. रागाने नाही, वेळापत्रक सांगावं तसं. म्हणाली, इथे मी बोलले की कोणीतरी मान वर करून बघतं. लेक आत निघून गेली. मग सौ.ने विचारलं, जेवलात का.
जेवलो. नातीला चार दात आलेत, ते पाहिले. निघताना पाहिलं, तर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून प्लेट दाराशी लावलेली. जड आहे, कामाची आहे, असं जावई म्हणाले.
रिकाम्या डिकीने परत आलो.

संध्याकाळी ७.
सौ.चा फोन. स्वतः केला. नीट पोचलात का, काल कळवलं नाहीत. पोचलो म्हटलं. मग विचारलंन, येताना पाय ठेवला होता?
'छे' तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, हो. घाटात तीनदा. पण काढला.
कोणी सांगितलं? म्हणाली.
कोणी नाही, म्हटलं. तिन्ही वेळा शेजारी बघितलं, मग काढला.
मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, सात वाजले. दूध बघा.
गेलो. करपलं होतं.