नोएमीसाठी कोरडं घर

टूसॉन, मे महिना

प्रिय येसी,

फोनवर मी बोलायला लागले की तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि नोएमीला शाळेतून आणायचंय म्हणून ठेवून देतेस. पत्राला ‘हं’ म्हणून सुटता येत नाही, म्हणून लिहितेय. वाचून झाल्यावर खुशाल भांड माझ्याशी, पण आधी पूर्ण वाच. पुढच्या महिन्यात तुझ्या बाबांना जाऊन वर्ष होईल. सकाळी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना आणि संध्याकाळी घरी रोझरीची माळ, आपल्या रीतीप्रमाणे. नोएमीला घेऊन ये. हॉटेलात नको, घरी उतर.

लगेच डोळे वटारू नकोस. त्या ईस्टरला आपल्याच बैठकीच्या खोलीत दम्यानं तुझ्या पोरीचे ओठ निळे पडले होते आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. मी ते कशी विसरेन? म्हणूनच आता घर कसं आहे ते ऐक. गालिचे गेले, माझ्या लग्नातला लालसुद्धा गेला. खाली नुसती फरशी आहे. पडदे काढले. गाद्या-उशांना चेनच्या खोळी घातल्या, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुते. संतांच्या कोनाड्यातली कापडी फुलं टाकली, तेव्हा मात्र हात जोडून माफी मागितली. कानेलो कुत्रा रूबेनच्या घरी राहतो आणि तुझ्या भावाच्या नव्या सोफ्याची वाट लावतो. कोरड्या झाडूला घरात बंदी आहे, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. अंगणदेखील झाडत नाही. शेजारची चेलो टोमणे मारते, आम्पारोला म्हातारपणी आळस चढला म्हणून. माझी आई उजाडायच्या आत मातीचं अंगण झाडायची, आम्हीही तेच शिकलो, आणि तो सगळा धुरळा सरळ खिडकीतून आत येऊन बसायचा. इतक्या बायकांच्या डोक्यात हे कधी आलं नाही, काय म्हणावं.

यातलं निम्मं काम तुझ्या बाबांनी केलं. खरंच सांगते. जेवलेलं ताट उचलायचं ज्यांच्या जिवावर यायचं, ते खुर्चीवर चढून पंख्याची पाती पुसायला लागले. वर मलाच ऐकवायचे, कोपरे राहिले तुझे. मी म्हणायचे, कामाला बाई बरी मिळाली मला, फार बडबडते एवढंच. एक खोली झाली की विचारायचे, आता आणेल का ती? मी म्हणायचे, तुम्हीच विचारा ना तिला. मग पुन्हा फडकं पिळायचे.

पण छतावरच्या कूलरला मात्र ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दवाखान्यातली बाई घर बघायला आली, तिनं हवेतली ओल मोजली आणि तोंडावर सांगितलं की पोरीचा दमा उसळवणारे गादीतले ते बारीक किडे वाळवंटात कोरडेपणानंच मरतात, तुम्ही छतावरून पाणी पाजून त्यांना पाळलंय, वर नळीत बुरशी आहे ती वेगळीच. तुझ्या बाबांनी तिला सरळ दार दाखवलं. ह्या ओल्या हवेवर माझी मुलं वाढली, म्हणाले. येसी, त्यांच्या लहानपणी खिडकीत ओली चादर टांगून सगळं घर झोपायचं, आणि त्यांचा धाकटा भाऊ तशाच एका उन्हाळ्यात उष्म्यानं गेला. गार ओली हवा म्हणजे जीव वाचवणारी हवा, हे त्यांच्या मनातून कोण काढणार? मग तू म्हणालीस, एक तर कूलर राहील नाही तर नोएमी येईल. आणि ते म्हणाले, “मग नको आणूस.” मी तिथेच होते. त्यांनी ते म्हटलं, मी नाकारत नाही, आणि त्याबद्दल मी त्यांच्याशी कित्येक दिवस धड बोलले नाही. कूलर तेवढा ठेवून बाकी सगळं घासून काढलं की भागेल, असं धरून बसले होते ते. दोन उन्हाळे तू आली नाहीस. पोरीचे फोटो रूबेनच्या फोनवर बघायचे आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणायचे. पुसलेल्या घरात कुठली आलीय धूळ?

दफनाला तू एकटीच आलीस. घराच्या उंबऱ्याला पाय न लावता चर्चमधूनच परत गेलीस. शवपेटीपाशी माझ्या कानाशी म्हणालीस, “त्या कूलरच्या डब्यापायी नातीला तोडलं आणि डब्यापायीच मेले.” सगळ्या गल्लीचा हाच समज होता, दरवर्षीसारखे कूलरच्या ताट्या बदलायला चढले आणि पडले. रूबेन म्हणाला, असू दे आई, खरं सांगून तिच्या डोक्यावर धोंडा कशाला ठेवायचा. मी गप्प बसले. पण वर्ष होत आलं, तू बापाचं नाव घेत नाहीस आणि नोएमीलाही घेऊ देत नाहीस, हे मला सोसत नाही. म्हणून सांगते. ते ताट्या बदलायला चढले नव्हते, कूलर उतरवायला चढले होते. एसी बसवणारे दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी म्हटलं, रूबेन कामावरून येईल, थांबा. म्हणाले, “नोएमीचा वाढदिवस आलाय. आत्ता काढतो, आणि जेवायच्या आधी येसीला मीच फोन करतो. तू मधे बोलू नकोस.” कूलरचा गंजलेला पाय मोडला आणि ते डब्यासकट खाली आले. तो फोन तुला कधी आला नाही. ते काय बोलणार होते ते मला माहीत आहे, कारण सकाळपासून माझ्यासमोर चार वेळा म्हणून बघत होते: घर कोरडं केलंय, पोरीला आण.

तुझीच आई,
आम्पारो