यांचे रोजे

अब्बा,
काळेवाडीहून रझियाचा सलाम.

मुलं खुशाल आहेत. अम्मींचे गुडघे कसे आहेत?

यांची शुगर फार वाढलीय. डॉक्टरांनी मना केलंय, तरी हे रोजे धरतात. काल कंपनीत भट्टीपाशी चक्कर आली. मी बोलले तर म्हणाले, "दहावीला विज्ञानात पस्तीस, अन् निघाली डॉक्टरकी करायला!"

अशा आजाऱ्याला रोजा माफ आहे, त्याबदली रोज एका गरिबाला जेवू घालावं, हे तुम्हीच शिकवलंत. त्याचं धान्य मी काटकसर करून बाजूला काढलंय.

एका खोलीत फोनवर हे बोलता येत नाही. पत्र मिळताच यांना समजवा. तुमचा शब्द हे मोडणार नाहीत.

संध्याकाळी अजान होईपर्यंत माझं लक्ष दुआत नसतं, यांच्या थरथरत्या हातांकडे असतं.

तुमची लेक,
रझिया