विमान टेकल्याचा आवाज

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज पुन्हा नाही वाजला! दुपारी शाळेतून आल्यावर हेडफोन लावून मी स्वतः कॉम्प्युटरवरचं विमान उतरवलं – चाकं टेकली की धप्प, अगदी स्वच्छ. संध्याकाळी रागिणी स्पीकरवर खेळायला बसली, तर इंजिन घरघरतंय, वारा वाजतोय, पण टेकताना काहीच नाही. पोरीनं जॉयस्टिक ढकलून दिली.

"मम्मी, तो आवाजच नाई तं मले समजन कसं विमान टेकलं म्हणून? हे आधी नीट होऊ दे, मंग पाहू."

मंग पाहू म्हणे! गेल्या महिन्यात फ्लाइंग स्कूलमध्ये हिच्या हातून खरं विमान आपटलं. पुढचं चाक वाकलं. सर शेजारीच होते, कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. सर म्हणाले, घरी जा, सराव कर, परत येणार की नाही ते पाच सप्टेंबरपर्यंत कळव. आणि आमचं घोडं अडलंय कुठे, तर खोट्या विमानाच्या धप्पवर.

शाळेची अख्खी कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते. घरातलं एक डबडं ऐकत नाही.

२९ ऑगस्ट

आवाजाची फाइल बदलली. इंटरनेटवर कुणी लिहिलं होतं – ते विमान पूर्ण काढून पुन्हा टाका. तेही केलं. हेडफोनवर वाजतो. संध्याकाळी रागिणीचं ठरलेलं – "नाई वाजत."

डोकं दुखतंय. महालक्ष्म्यांची भांडी घासायची तशीच पडली आहेत.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. नवरा, मनोज, झेंडूची गाडी घेऊन अकोल्याच्या मार्केटात. लक्ष्म्या घरात घेताना ताट वाजायला लागलं तेव्हा कुठे दारात उभा, अंगाला फुलांचा वास.

आणि चोर सापडला! पूजेची सुपारी गडगडत कॉम्प्युटरच्या टेबलाखाली गेली. काढायला वाकले तर काय – वूफरच्या डब्याची पिन बोर्डातून काढलेली, आणि तिच्या जागी सासूबाईंची लायटिंगची माळ! धप्प त्या डब्यातूनच येतो. छोट्या स्पीकरांत इंजिन ऐकू येतं, तो खोल आवाज नाही. हेडफोनला डबा लागतच नाही, म्हणून दुपारी मला सगळं ठीक वाटायचं. फाइली बदलत बसले मी मूर्खासारखी.

तोंडाचा पट्टा सुटला माझा, सणाच्या दिवशी. सासूबाईही कमी नाहीत. "येकच तं बोर्ड हाये. माह्या लक्ष्म्यायले अंधारात ठेवू काय?" मग रागिणीकडे पाहिलं आणि गप्प झाल्या. त्या गप्प होणाऱ्यातल्या नव्हेत. रागिणी मान खाली घालून फुलवाती करत होती.

१ सप्टेंबर

सोळा भाज्या, पुरण, आंबील. पंगतीमागून पंगत. कंबर गेली.

२ सप्टेंबर

लक्ष्म्यांची बोळवण झाली. माळ गुंडाळून डब्यात गेली, वूफरची पिन मी स्वतः लावली. स्पीकरवर विमान उतरवलं – धप्प! स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी थरथरली. एवढा आनंद मला निकालाचाही झाला नव्हता. रागिणीला हाक मारली. ती दारात आली. चेहरा पांढरा.

"उद्या बसतो न मम्मी."

३ सप्टेंबर

आज नाही वाजला.

टेबलाखाली पाहिलं. पिन काढलेली. आता माळ नाही, काही नाही. तशीच तडक सासूबाईंकडे गेले – "आई, आता कायले काढली?"

त्या पानाची चंची सोडून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "माळ लागते का पाह्याले सणाच्या आधी म्या येकच डाव काढली होती वं. त्या दिवशी धप्प झालं नाई तं पोरगी पोटभर जेवली. मंग रोज तिनंच काढली. म्या पाह्यलं. सणाले म्या फक्त त्या रिकाम्या जागी माळ लावली."

"मंग त्या दिवशी माहं बोलणं कायले ऐकून घेतलं?"

"तुह्या बोलण्याले मी भेत नाई. थे पोरगी त्या आवाजाले भेते."

न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. इतके दिवस मी तिला तोच आवाज पुन्हा पुन्हा आणून देत होते! आणि ती बिचारी मला सांगूही शकली नाही. माझाच राग येतोय.

४ सप्टेंबर

वूफरचा डबा माळ्यावर टाकला, रागिणीच्या देखत. म्हटलं, "तुले नसन जायचं तं नको जाऊ. मी सरायले कळवतो. पप्पायचं मी पाहीन." ती बराच वेळ माळ्याकडे बघत बसली.

मनोजला सांगितलं. तो फक्त "बरं" म्हणाला. घर अगदी शांत. 

५ सप्टेंबर

सकाळी चहा टाकत होते. मांडणीवरची भांडी थरथरली. धप्प! इतक्या जोरात की चमचा खाली पडला. थोड्या वेळानं पुन्हा – धप्प, जरा हळू. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "हे दुसरं बरं उतरवलं पोरीनं."