आबांची बोट आणि म्हशीचा हौद

चि. प्रियदर्शनीस आजीचा सप्रेम जय भीम.

विसरली असशील म्हणून आधी ओळख सांगते. मी पुतळाबाई, तुझ्या बापाची आई, मुक्काम निरवांगी, तालुका इंदापूर. लिहिणारी करुणा, तुझी आई. तीबी आठवत नसंल तर फोटो धाडू. तुझी तब्येत बरी असंलच. तितल्या परदेशी थंडीत ठेवलेलं लवकर नासत न्हाय.

तू धाडलेलं खोकं पोचलं. आतनं वासराएवढी बोट निघाली, नाक लाल, वर चिठ्ठी, ‘आबांसाठी’. जगाच्या टोकाला नुसता बर्फ असतो, तितं शोध लावायला माणसं नेणारी जहाजं आधी लहान करून टाकीतल्या बर्फात तपासतो, त्यातली एक दाखवीन, असा तू आबांना शब्द दिला होतास. ते गावभर सांगत हिंडले, नात बर्फातनं वाट पाडती म्हणून. आता बोट आली. बघणारा मागल्या उन्हाळ्यातच गेला. (तवा टाकीत बर्फ धरलाय, वाया जाईल, म्हणून तू आली न्हाईस. तुझा बर्फ थांबत न्हवता, हितं उन्हात आबाबी थांबत न्हवते. हे करुणा लिहीना. मी परत सांगितलं.)

तर तुझ्या बापाला, समाधानला, वाटलं, आबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमतील, त्यांच्यादेखत बोट चालवू. त्याआधी घरच्या घरी बघून घेऊ. समाधाननं भिगवणच्या मासळी बाजारातनं बर्फाच्या लाद्या आणल्या, म्हशीच्या हौदात फट न ठेवता बसवल्या, बोटीच्या नाकाला दावं बांधलं आणि दाव्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. मी म्हणलं, “आरं, बोट हाय, नांगर न्हवं.” तर म्हणतो, “आई, तू गप. तितंबी ओढूनच बघत्यात.” ओढली. बर्फ हालला न्हाय. नाक तेवढं निघून ट्रॅक्टरमागं रस्त्याला लागलं आणि उरलेली बोट लाद्यांवर पालथी पडली. हौदाला मासळीचा वास बसला तो बसलाच. म्हस तोंड लावीना, दूध आटलं, आणि धारेला बसलं की माझ्याकडं अशी बघती, जसा मासा मीच.

फोनवर तू हसलीस. म्हणलीस, आजी, लहान बोटीला आमी बर्फबी त्या मापानं नरम करतो, न्हायतर बोटच फुटंल. व्हय का? आधी सांगायचंस. हितं आमाला कुणी नरम करून देत न्हाय. म्हातारा गेला तवा घाव पुऱ्या ताकदीचाच आला.

तुझी आजी
पुतळाबाई (अंगठा)

ता.क. करुणा म्हणती, आजीला राग न्हाय असं लिहू का? लिही बाई, शाई तुझी हाय.

आणखी ता.क. नाक चिकटवलंय, जरा वाकडं बसलंय. पुण्यानुमोदनाला बोट आबांच्या फोटोशेजारी ठेवणार. लोक विचारतील, ही चालती कशी. सांगणारं घरात कुणी न्हाय. (ये, असं मी म्हणलेलं न्हाय.)

शेवटचं ता.क. तितली दालचिनीची बिस्किटं आबांना लई आवडायची. त्या दिवशी खिरीबरोबर सगळ्यांना द्यायची हायत. टपालानं धाडू नकोस. टपालानं आलेल्याचं हितं काय होतं ते कळलंच. हातानं आण. आणि मऊ बघ. बोटीच्या मापानं बर्फ नरम करता, तर आजीच्या दातांच्या मापानं एखादं बिस्किट मिळंल.