वसंताचं कार्ड

२ ऑक्टो. ८८, रवि.
सोसायटीत व्हिडिओ आणलेला. जुना जेलचा पिक्चर. निरपराध माणूस आत दगड फोडतोय आणि ज्या कारकुनाला खरं माहितेय तो घरी मस्त जेवतोय. सगळे त्या कारकुनाला शिव्या घालत होते. आमची सुमन तर डोळ्याला पदर लावून बसलेली. म्हणे, मेल्याला एकदा तोंड उघडायला काय होतं? मी मध्येच उठलो. च्यायला, सुट्टीच्या दिवशी हाच पिक्चर मिळाला?

३ ऑक्टो.
काल झोप नाही. लिहूनच टाकतो.
नारळी पौर्णिमेला माझा दोस्त वसंता कंपनीत नव्हताच. कोळीवाड्यात नाचत होता. रजा संपलेली, म्हणून त्याचं हजेरीचं कार्ड मी पंच केलं. सगळेच करतात एकमेकांचं. नेमकी त्याच दिवशी स्टोअरमधून तांब्याची तार गेली. कार्ड सांगतं वसंता आत होता, मशीनवर तर कोणी बघितला नाही. म्हणजे स्टोअरमध्येच असणार. झाला चोर! आता जेलमध्ये. अख्खा कोळीवाडा साक्षीला तयार, पण पोलीस म्हणतात, ही तुझीच माणसं. कार्ड कोणी मारलं, विचारतात. हा गप्प.
मी बोललो तर सुटेल. आणि मी डिसमिस. दुसऱ्याचं कार्ड मारलं तर काढून टाकणार, बोर्डावरच लिहिलंय. परमनंट होऊन आठ महिने...

७ ऑक्टो.
सेकंड शिफ्ट. सकाळी ठाण्याच्या जेलवर गेलेलो. टेंभी नाक्याला देवीचा मांडव बांधतायत. दोन तास लाइनीत. वसंता निम्मा झालाय. सगळं ठरवून गेलेलो, पण जाळीपलीकडून तोच आधी म्हणाला, "तू काय बोलू नको. तुला दोन पोरी हान. आयेकडं बघ फक्त."
मी मान हलवली. हलवली! लाज वाटली पाहिजे मला.

८ ऑक्टो., शनि.
सुमनला सांगितलं. बराच वेळ भांडीच घासत होती. मग म्हणाली, "तू गप्प बस."
म्हटलं, परवा त्या कारकुनाला मेला म्हणालीस ना?
"तो पिक्चर होता."
भांडलो. पोरी दारात येऊन उभ्या. माझं डोकं फिरलेलं, त्यांच्यावरही ओरडलो. तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही, हाच वैताग.

१० ऑक्टो., सोम.
सकाळचे ७.४०. कंपनीसमोरच्या टपरीवर बसलोय. अकराला वसंताची जामिनाची तारीख. त्याचा वकील म्हणाला, कार्ड तुम्ही मारलंत हे लिहून द्याल तर आजच द्या. सुमनने डबा भरून दिला. रजेचा अर्ज खिशात आहे, सही अजून केली नाही.
आत्ता शेजारच्या मशीनवरचा पाटील आला. कोर्टात जायचंय म्हटलं. वसंताला भेटायला चाललोय असं त्याला वाटलं. पाठीवर थाप मारून म्हणाला, "मग रजा कशाला घालवतोस? जा बिनधास्त. तुझं कार्ड मी मारतो."
गेला आत. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.
आठचा भोंगा व्हायला अजून सहा मिनिटं आहेत.