नसलेल्या प्रकरणाची स्तुती

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मुलाखत ठरली. येत्या पंधरा तारखेला दुपारी स्टुडिओत ये. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून लोकांना गोष्ट सांगणारी माणसं होती आणि त्यांच्यावर कुणी आख्खं पुस्तक लिहिलंय, याचा रेडिओवर कुणाला पत्ताच नव्हता. मीच ते निवेदिकेच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सध्या त्यावर तिचा चहाचा कप असतो, पण निदान पुस्तक टेबलावर आहे.

मुलाखत तीच घेणार. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण माझी पत्रं आधी बाबा फोडतात आणि मग तुला मिळतात. (बाबा, या पत्रात कॉलेजचा विषय नाही, पुढे वाचू नका.) एवढंच सांगतो की ती बाजारभाव वाचते तेव्हासुद्धा माझ्या पोटात खड्डा पडतो. ती मला वायरवाला म्हणून हाक मारते. मी ध्वनिमुद्रण सहायक आहे, पण तिला कोण सांगणार?

हातात कागद ठेवू नकोस, माइकला सळसळ ऐकू येते. लोभ आहेच, तो मुलाखतीनंतरही टिकव.

तुझा,
फटाका

९ फेब्रुवारी

चि. फटाक्यास,
अनेक आशीर्वाद.

दादाने पत्र वाचलं, कंसातलं दोनदा. जेवताना एवढंच म्हणाला की वायरी ओढायच्याच असतील तर निदान सरळ ओढ म्हणावं त्याला.

इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, पण अशी धडधड कधी झाली नव्हती. प्रस्तावनेबद्दल विचारतील का रे? आपल्या प्रस्तावनाकार महाशयांनी माझ्या सातव्या प्रकरणाची तोंड भरून स्तुती केली आहे, आणि पुस्तकात प्रकरणं सहाच आहेत. सातवं मी छपाईआधीच काढून टाकलं होतं. म्हणजे स्वारीने पुस्तक उघडलंच नाही, जुनी अनुक्रमणिका बघून हात मोकळा केला. वाचलं की ते पान फाडून टाकावंसं वाटतं. पण जुन्या चित्रपटांच्या रिळांचं भांडार त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी मान डोलावली तरच मला ती रिळं बघायला मिळणार आणि दुसरं पुस्तक होणार. तेव्हा माझ्या जिभेवर लक्ष ठेव.

त्या आवाजवालीसाठी उपाशी राहत नाहीस ना? माया आहे म्हणून विचारते.

तुझी आत्या

१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नीट पोचली असशील. आता जे लिहितोय ते वाचून तुला माझी किळस येईल. मला कालपासून येतेय.

मुलाखतीआधी आवाजाची पातळी बघायची म्हणून मी तुला काहीही बोल म्हणालो. लाल दिवा लागलेला नाही, यातलं काही धरलं जात नाही, हेही मीच म्हणालो. मग तू प्रस्तावनाकार महाशयांची नक्कल सुरू केलीस. नसलेलं प्रकरण वाचून ते कसे भारावले, ते घसा खाकरणं, चष्मा कपाळावर ढकलणं. काचेमागे मी हसून बेजार झालो. पण टेप तेव्हाही फिरत असते, आत्या. पातळी बघून झाली की तो तुकडा पुसायचा असतो. मी पुसला नाही. तुझी नक्कल पुन्हा ऐकायची होती म्हणून.

नंतर लाल दिवा लागला आणि तुझ्या जागी खुर्चीत जणू भलतीच बाई येऊन बसली. प्रस्तावनाकारांचा व्यासंग काय, मार्गदर्शन काय, मी त्यांची ऋणी आहे काय. आणि आमच्या निवेदिकाबाईंचे प्रश्न! जुन्या नट्या भांडखोर होत्या का? नायकांचं कुणाकुणाशी जुळलं होतं? मूकपटातली गाणी कुठे रेकॉर्ड करायचे? हे ऐकल्यावर मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग आहे आणि आतली पानं कोरी करकरीत आहेत.

संध्याकाळी तिने टेप ऐकली. म्हणाली की मुलाखत पुळचट आहे, पण आधीचं ते भन्नाट आहे, तेच लावायचं. मी सांगितलं की ते खाजगी आहे, आत्याचं पुढचं सगळं काम त्यावर अडेल. ती गोड हसली आणि म्हणाली की तू फारच घरगुती आहेस रे. या हसण्यासाठी मी कॉलेज सोडलं, आत्या. ते जवळून बघितलं आणि ओकारी आल्यासारखं झालं.

प्रसारण सव्वीसला आहे. टेप माझ्या कपाटात आहे. तुझ्या उत्तराची वाट बघतो, तोवर हात लावत नाही. रागव, पण आपला म्हण.

फटाका

२० फेब्रुवारी

चि. फटाक्यास,
आशीर्वाद.

पुसू नकोस. तेच लागू दे.

तुझं पत्र आल्यापासून मला माझीच शिसारी आली आहे. थिएटरच्या मालकाने डोळे वटारले तरी पडद्यावर जे दिसतं तेच सांगणाऱ्या माणसांवर मी पुस्तक लिहिलं. आणि स्वतः पहिल्यांदा माइकपुढे बसले तर पान न उलटणाऱ्याला व्यासंगी म्हणून आले. दिवा लागायच्या आधी बोलले तेवढंच खरं होतं. तुझ्या त्या बयेला नुसती मजा हवी आहे, असू दे. रिळांचं माझं मी बघते. रागावले नाही. आपलाच आहेस.

आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. मी टेप सतरालाच पुसली.

थांबतो म्हणालो होतो, थांबलो नाही. ती केंद्राच्या साहेबांना घेऊन आली, त्यांच्यासमोर माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली, आणि माझं टाळकं सरकलं. टेप काढली, यंत्रावर चढवली आणि सुरुवातीचा तुकडा तिच्या डोळ्यांदेखत पुसला. ती ओरडलीसुद्धा नाही. या मुलाला दुसरीकडे द्या, एवढंच साहेबांना म्हणाली. आता मी तळघरात फुटक्या माइकांवर फडकं मारतो. मुलाखतच लावू नका म्हणून वर जाऊन भांडलो, तर वेळ ठरलेली आहे म्हणे. म्हणजे शुक्रवारी तुझं ते ऋणी असणंच सगळीकडे ऐकू जाणार. तुला वाचवायला गेलो आणि तुझंच तोंड दाबून बसलो.

तळघरात भिंतीवर एक कर्णा आहे, तो बंद करता येत नाही. त्यातून तिचे बाजारभाव येतात, आणि पोटात अजूनही खड्डा पडतो. या पोटाचीसुद्धा घाण वाटते मला. लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

फटाका

४ मार्च

चि. फटाक्यास,
अनेक आशीर्वाद.

मुलाखत लागली. दादाने शेजाऱ्यांना बोलावून ठेवलं होतं. ऋणी आहे आलं तशी मी उठून मोरीतला नळ सोडला, तरी ऐकू आलंच. शेजारी म्हणाले की फार सुसंस्कृत बोललात.

महाशय तर विरघळले. परवा त्यांचं पाकीट आलं. आत भांडाराचं परवानगीपत्र, आणि सोबत माझ्या पुढच्या पुस्तकाची प्रस्तावना. त्या पुस्तकाची एक ओळही मी अजून लिहिलेली नाही. त्याच्या शेवटच्या प्रकरणाने म्हणे ते सद्गदित झाले आहेत. आधी मी आणि दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग मी पुढ्यातलं ताट तसंच सरकवून उठले.

परवानगीपत्र दिवसभर हातातून खाली ठेववेना. ती रिळं मला किती बघायची होती, तुला सांगायला नको. शेवटी दोन्ही कागद त्यांना परत केले. सोबत लिहिलं की पुस्तकात प्रकरणं सहाच आहेत, तुम्ही ते वाचलेलं नाही, आणि रेडिओवर मी मानलेले आभार खोटे होते, ते परत घेते. पाकीट टाकायला दादाच गेला. जाताना म्हणाला की आपला फटाका कुणावर गेलाय ते आज कळलं.

आता भांडाराचं दार मला बंद. त्याचं दुःख आहे, ते असणारच. तू टेप पुसलीस म्हणून कुढू नकोस. ती लागली असती तर माझं बोलणं तुझ्या बयेने सांगितलं असतं. आता मीच सांगितलं.

तुझ्यावर माया होती तेवढीच आहे, तूही तुझी पाठवत जा. बऱ्याच दिवसांनी आज पोटभर जेवले.

तुझी आत्या