पन्ह्यातलं जस्त

आदिलाबाद,
वैशाख वद्य तृतीया, शके १८६५

श्रीयुत उद्धवराव यांना मीनाक्षीचा नमस्कार.

बायकोनं नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून सासूबाई कपाळाला हात लावतील. लावू द्या. पाकिटावर 'अहो, जैनथ' लिहिलं तर डाकवाला कुणाकडे नेऊन देणार?

इकडे सगळे खुशाल. उन्हानं जीव नकोसा केलाय. तुमचा खोकला गेला का? ज्येष्ठमध पाठवतेय, चघळत राहा.

आता बातमी. मी हैदराबादला जाऊन आले! नरसिंगदादा तिथं कॉलेजात रसायन शिकवतो, त्यानंच आगगाडीनं नेलं. कारण तुमाला ठाऊक आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नव्या सुनेनं पन्हं करायचं असतं, म्हणून मी केलं, आणि प्यालेल्या बाया ओकून ओकून बेजार झाल्या. पांढऱ्या पायाची ठरवून मला माहेरी धाडलं. ते पुन्हा सांगत नाही. तुमी होताच तिथं.

सुटीमुळे प्रयोगशाळा रिकामी होती. कैऱ्या मीच उकडल्या. थोडं पन्हं मातीच्या मडक्यात ठेवलं, थोडं आपल्याकडे आहे तसल्याच जस्ताच्या नव्या बादलीत. सकाळी दोन्ही गाळून काचेच्या नळ्यांत ओतलं, दादानं औषध घालून आंबटपणा मारला आणि ऑक्झिन नावाच्या भुकटीच्या पाण्याचे थेंब टाकले. ही भुकटी जस्ताला जाऊन धरते, आणि धरलं की एका खास दिव्याखाली उजळते. खोलीत अंधार केला. मडक्यातलं काळं ते काळंच. बादलीतलं पाहते तर अगं बाई, हिरवंपिवळं चमकून राह्यलं! मी टाळ्याच वाजवल्या. दादा म्हणाला, "मीने, ही प्रयोगशाळा आहे." म्हटलं, "असू दे. माझे पाय धुऊन निघाले."

आंबटानं जस्त सुटतं आणि पोटात जातं. लढाईमुळे कल्हईवाला फिरकला नाही, पितळेत पन्हं कळकेल म्हणून आपण काळजीनं बादलीत ठेवलं आणि ती काळजीच नडली. सासूबाई त्या बादलीत ताक ठेवत असतील तर आधी ओतून द्या. नणंदबाईंच्या लेकराला थेंबही नको.

दादानं विचारलं, "बादली आणली कुणी?" मी म्हटलं, "घरातच होती."

काऊन खोटं बोलले, मलाच कळत नाही. तुमीच तर हौसेनं बाजारातून आणली होती, माझ्यासाठी. तिच्यात विष सुटेल हे तुमाला कुठून कळणार? त्याचा राग नाही. पण शेजारच्या सोनाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पन्हं कसंतरीच लागून राह्यलं व, भांडं पाहा." तुमी ऐकलं आणि मान खाली घातली. मला गाडीत बसवलं तेव्हा बैलांच्या घंटा नीट करत राह्यले. त्याचा राग आहे, फार आहे.

तुमच्यावाचून करमत नाही, हेही खरंच. पण सासूबाईंना दिव्याची गोष्ट मी कळवणार नाही. त्याच बायांना ओसरीवर बोलवा आणि तुमच्या तोंडानं सांगा, "बादली मी आणली होती. मीनाक्षीचा दोष नाही." मग गाडी जुंपा. त्यांना हे न सांगता आलात तर जेवून परत जा. पाहुण्याला आमी उपाशी धाडत नाही.

'आपली' हा शब्द तुमी सांगून आल्यावर लिहीन. तोवर नुसती,

मीनाक्षी